वहिनी, बादलीचं खरं सांगतो

वहिनी,

तुम्हाला जाऊन आज सोळा दिवस झाले. तेरवी आटोपली, पवनीकडची माणसं पॅसेंजरनं परत गेली, दादा कालपासून ड्युटीवर जातो आहे. सुमन समोर बसून पाढे लिहिते आहे आणि मी हे लिहितो आहे. उजव्याच हातानं. ह्या हातात पेन धरता येतं ते तुमच्यामुळे, हे तेरवीला चार जणांनी बोलून दाखवलं, आणि ते खरंच आहे.

पण त्याच बैठकीत शेजारचे लांजेवारमामा उठले आणि म्हणाले, "बाईच्या हातून एक चूक झाली, बादलीची. पन चूक भरून कशी काढावं, थे कोनी तिच्यापासून शिकावं." सगळ्यांनी माना हलवल्या. दादानंही हलवली. मी सतरंजीकडे पाहत बसून राहिलो.

वहिनी, ती चूक तुमची नव्हतीच. मला आठ वर्षं हे ठाऊक होतं, आणि तुम्हाला नव्हतं. आता जे घडलं ते पहिल्यापासून, क्रमानं लिहितो, म्हणजे मला मध्येच कुठे सटकता येणार नाही.

पोलाद कारखान्याच्या पहिल्या भट्टीचं लोखंड उभं राहत होतं ते दिवस. पवनीला आपले माग बंद पडले तसा दादा आधी भिलाईला आला, मग त्यानं मला बोलावलं, आणि मजुरांच्या पत्र्याच्या लाइनीत खोली मिळाल्यावर तुम्ही आलात. दादा फिटरच्या हाताखाली होता, मी रिगरच्या गँगमध्ये. वर चढायचं, दोर ओवायचा, साखळी बांधायची, माल उचलून जागेवर बसवायचा, हे आमचं काम. मी बावीस वर्षांचा होतो. उंचीची भीती नव्हती. खाली उभी असलेली माणसं मान वर करून आपल्याकडे बघतात, याचा मला फार तोरा होता.

थंडीचे दिवस होते. शेडवर पन्हाळी पत्रे चढवत होतो. वारा सुटला, दोरातून एक पत्रा घसरला आणि मी तो हातानं धरायला गेलो. उजव्या हाताच्या मधल्या बोटाला आतल्या बाजूनं काप बसला. रक्त फार नव्हतं, दुखलंही फारसं नाही. पण मूठ वळायला गेलो तेव्हा बाकीची बोटं वाकली आणि ते एक सरळ उभं राहिलं. मी त्याला वाक म्हणत होतो आणि ते वाकत नव्हतं. फोरमन बलवंतसिंगांनी हात बघितला आणि मला खाली उतरवलं. सरळ राहणारं बोट दोरात अडकतं. वर असताना बोट अडकलं की माणूस जातो.

दवाखान्यात डॉक्टरांनी नुसती कातडी शिवली आणि दुसऱ्या दिवशी मागच्या बराकीत प्रधान बाईंकडे पाठवलं. बाई मुंबईहून शिकून आलेल्या. जायबंदी हातपाय पुन्हा चालते करणं हे त्यांचं काम. दादाला सुट्टी नव्हती म्हणून तुम्ही माझ्यासोबत आलात आणि डोक्यावर पदर घेऊन बाकाच्या अगदी टोकाला बसलात.

"बोट वाकवणारी कंडरा तुटली आहे," बाई म्हणाल्या.

"कंडरा म्हंजे?" तुम्ही विचारलं. मला वाटलं होतं तुम्ही तोंडच उघडणार नाही.

"स्नायूला हाडाशी जोडणारा बंध. तो ओढला गेला की बोट वाकतं."

"मंग दोरी म्हना ना, बाई."

बाई हसल्या. "बरं, दोरी. बोटात ही दोरी एका अरुंद नळीतून जाते. ओल्या जखमेत जोडली तर तिथंच चिकटून बसते. म्हणून आधी जखम भरू द्यायची. दोन-अडीच महिन्यांनी नागपूरला ह्याच्याच मनगटातली एक बारीक दोरी काढून बोटात घालतील. तोवर डाव्या हातानं हे बोट रोज वाकवत राहायचं, सांधे आखडायला नकोत."

तुम्ही थोडा विचार केलात. "आमच्याकडं ताण्यातला धागा तुटला का सांधतात. सांधल्याबरोबर वढला तं सुटते. नुसता ठिवला तं खळीनं बाजूच्या धाग्याले चिकटते. तसंच हाय का हे?"

"अगदी तसंच," बाई म्हणाल्या. त्यानंतर त्या माझ्याशी बोलल्याच नाहीत, तुमच्याशीच बोलल्या. "ऑपरेशन म्हणजे अर्धं काम. उरलेलं अर्धं घरी होतं. ते ह्याच्या एकट्याच्यानं होणार नाही. कोणीतरी बसायला पाहिजे."

"मी बसतो," तुम्ही म्हणालात. आपल्याकडच्या बायका बोलतात तसं, 'मी बसतो'. मुंबईच्या बाईंना ते गमतीचं वाटलं असेल. पण तेव्हापासून तुम्ही जे बसलात ते बसलातच.

नागपूरला ऑपरेशन झालं. मनगट आत वाकवून हाताच्या पाठीवर प्लास्टर, तीन आठवडे. ते निघाल्यावर प्रधान बाईंनी ॲल्युमिनियमची पट्टी माझ्या हाताच्या मापानं वाकवून दिली. त्या तिला स्प्लिंट म्हणायच्या, आपण पट्टी म्हणायचो. दर दोन तासांनी पट्टी सोडायची, डाव्या हातानं बोटाचं मधलं पेर घट्ट धरायचं आणि टोकाचं पेर आपल्या जोरावर वाकवायचं. मग खालचं पेर धरून मधलं वाकवायचं. दहा दहा वेळा, हळू. की परत पट्टी. हातात काही धरायचं नाही, काही उचलायचं नाही. पाण्याचा तांब्यासुद्धा नाही.

तोवर ऊन तापलं होतं. पत्र्याखाली पट्टीच्या आत घाम साचायचा, कातडी पांढरी पडायची, वास मारायचा. तुम्ही जुन्या लुगड्याची तीन अस्तरं शिवलीत. एक हाताला, एक दोरीवर वाळत, एक घडी करून ठेवलेलं. घड्याळ तुम्हाला वाचता येत नव्हतं, ते बाईंकडून आठ दिवसांत शिकलात. सातवा महिना लागत होता तुम्हाला. पाय सुजायचे. पण दोन तास झाले की चुलीपासून आवाज यायचा, "भाऊजी, पट्टी."

पहिल्या पंधरा दिवसांत टोक हलायला लागलं. इवलंसं, पण हललं. तुम्ही शेजारच्या दोन बायांना बोलावून दाखवलंत.

आता पुढचं.

पाचवा आठवडा होता. दुपारी तुमचा डोळा लागला होता आणि मी साइटवर गेलो. मला कोणी बोलावलं नव्हतं. दादानं आणि बाईंनी दोघांनीही बजावलं होतं की तिकडे फिरकायचं नाही. मला नुसतं बघायचं होतं, भट्टी किती वर गेली ते. गँग सावलीत बसून जेवत होती. त्यातला एक जण म्हणाला, "क्या पहलवान, हाथ है कि सजावट? पकड़ के दिखा." सगळे हसले.

कप्पीतून दोर लोंबत होता. मी पट्टी सोडून खिशात घातली, पाचही बोटांनी दोर धरला आणि स्वतःला उचललं. जमिनीपासून दोन हात वर. त्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि बोटाच्या आत टक् झालं. कानाला काही ऐकू आलं नाही, पण हाताला कळलं.

खाली उतरून मी मूठ वळून पाहिली. ते बोट सरळ उभं राहिलं.

मी पट्टी बांधली आणि घरी आलो. तुम्ही उठला होतात. "कुठी गेले होते?" "इथंच, पाय मोकळे करून आलो." संध्याकाळी तुम्ही म्हणालात, "भाऊजी, पट्टी." मी म्हणालो, "आज ठणकून राहिलं, राहू द्या." तुम्ही माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघितलंत आणि पहिल्यांदाच मला सूट दिलीत.

सकाळी तुम्ही नळावरून बादली घेऊन येत होतात. लांजेवारांच्या दारापाशी तुम्हाला भोवळ आल्यासारखं झालं, तुम्ही भिंतीला हात टेकवून उभ्या राहिलात. मी धावलो आणि उजव्या हातानं बादली धरली. तुम्ही ओरडलात, "भाऊजी, नोका! सोडा थे, सोडा!" लाइनीतल्या सगळ्यांनी पाहिलं की दिरानं बादली घेतली. तुमचं ओरडणं कोणाच्या ध्यानात राहिलं नाही. मी ती दहा पावलं नेली, खोलीत ठेवली आणि म्हणालो, "वहिनी, तुटलं वाटते."

मला लिहावंसं वाटतं की ते ऐनवेळी तोंडातून निघून गेलं. तसं नाही. तुम्हाला सावरायला धावलो हे खरं. पण कडीला हात घालताना मला माहीत होतं की मी हाच हात का पुढे केला.

तुम्ही माझा हात तुमच्या दोन्ही हातांत घेतलात. "वाकवा."

"वाकत नाही."

"वाकवा ना, भाऊजी."

मग तुम्ही तिथंच जमिनीवर बसलात.

दादा आला तेव्हा दारात माणसं जमली होती. त्यानं कोणाला काही विचारलं नाही. "तुले अक्कल हाय का? त्याचा हात गेला तुह्या बादलीपायी!" लग्नानंतर त्यानं तुम्हाला चार लोकांत बोलल्याचं ते पहिलं आणि शेवटचं. तुम्ही नुसतं एवढं म्हणाला असता, की मी सोडा म्हणाली होती, तरी पुरे होतं. तुम्ही म्हणाला नाहीत. पुढे कधीच म्हणाला नाहीत.

प्रधान बाईंनी बोट बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "कशानं तुटली?" त्यांनी मला विचारलं.

"माह्याच्यानं, बाई," तुम्ही म्हणालात. "मी बादली देल्ली."

बाईंनी तुमच्याकडे बघितलं नाही. "मी ह्याला विचारते आहे."

बराकीत तेव्हा आपण तिघंच होतो. बाई माझ्या बाजूच्या होत्या, त्यांनी रागावून माझंच भलं केलं असतं. मी म्हणालो, "हो, बादली." त्यांनी कागदावर तसं लिहिलं.

मग त्या म्हणाल्या की दुसऱ्या मनगटातली दोरी अजून शिल्लक आहे. तीन महिने थांबून आणखी एकदा करता येईल. पण ती शेवटची. तीही गेली तर बोट काठीसारखं राहील, आणि कामात आड यायला लागलं तर कापून टाकावं लागेल.

तुम्ही विचारलंत, "ह्या तीन महिन्यांत काय कराचं?"

"सांधे मोकळे ठेवायचे. पहिल्यासारखंच."

"मंग आजपासूनच," तुम्ही म्हणालात, आणि बाकावर बसल्या बसल्या माझं बोट धरून वाकवायला सुरुवात केलीत.

त्या दिवशी संध्याकाळी पाणी तुम्हीच आणलंत. दुसऱ्या दिवशीही. शेजारणी म्हणायच्या, अवं दे इकडं, पोटुशी बाई तू. तुम्ही देत नव्हतात. मी डावा हात पुढं केला तर तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की मी तो मागं घेतला.

सुमन झाली, ती धडधाकट झाली, आणि ती महिन्याची असताना माझं दुसरं ऑपरेशन झालं. त्यानंतरचे सहा महिने मी कोणाला सांगितले तरी पटणार नाहीत. मांडीवर पोर पीत असायची आणि मोकळ्या हातानं तुम्ही माझं पेर धरून ठेवायचात. "वाकवा. एक. वाकवा. दोन." व्रणावर तिळाचं तेल घालून अंगठ्यानं चोळायचात, कातडी खालच्या दोरीला चिकटू नये म्हणून. पुढे बोट आत आखडायला लागलं तर बाईंनी निजताना बांधायला दुसरी सरळ पट्टी दिली. दिवसा वाकवायचं, निजताना सरळ करायचं. एका सकाळी ती पट्टी मी काढून उशाशी ठेवलेली तुम्हाला सापडली. त्या दिवसापासून गाठ तुम्ही मारायला लागलात, मला डाव्या हातानं सुटणार नाही अशी, विणकराची.

आपण भांडलोही खूप. एकदा दुखून माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ओरडलो, "तुमचं बोट हाय का हे?"

तुम्ही शांतपणे म्हणालात, "माहं असतं तं म्या जपलं असतं. मी जपलं नाही म्हनून तं हे वाढलं."

तुम्ही ते स्वतःला दोष देऊन बोलत होतात. मला वाटलं आता जमीन दुभंगावी. मी बोट पुढं केलं आणि मोजायला लागलो.

प्रधान बाई पट्टीनं मोजायच्या, मूठ वळली की बोटाचं टोक तळहातापासून किती लांब राहतं ते. तुम्ही तुरीच्या काडीनं मोजायचात. दर रविवारी टोक आणि तळहात यांच्यामध्ये काडी धरायची आणि जेवढी उरेल तेवढी तोडायची. तीन बोटांची काडी होती ती दोनची झाली, मग दीडची. शेवटी अर्ध्या बोटावर येऊन थांबली. महिनाभर थांबली. बाई म्हणाल्या, "आता ह्यापुढे फारसं जाणार नाही. पण हे उत्तम आहे."

"उत्तम कावून?" तुम्ही म्हणालात. "टेकलं तं नाही."

"सगळ्यांचं टेकत नाही, कौसल्याबाई. दोनदा फाडलेलं बोट आहे."

"आमाले टेकलं पायजे."

हा वाद तुमचा आणि बाईंचा, आणि मग तुमचा आणि माझा, कधी मिटलाच नाही. मी म्हणायचो पुरे झालं. तुम्ही म्हणायचात, थोडंसंच राह्यलं. आज कबूल करतो, मी पुरे म्हणत होतो कारण तुमच्या समोर बसणं मला सहन होत नव्हतं.

थंडी परत आली तेव्हा बलवंतसिंगांनी मला बोलावलं. भट्टी पेटली होती, शेजारी दुसरीचं काम चालू होतं. त्यांनी दोर दाखवला आणि म्हणाले, "लटक." मी लटकलो. ते मनातल्या मनात मोजत होते, त्यांचे ओठ हलताना दिसत होते. तीसपर्यंत मोजून झाल्यावर म्हणाले, "अब गाँठ लगा." मी चार प्रकारच्या गाठी मारून दाखवल्या. त्यांनी माझा हात हातात घेऊन उलटासुलटा केला, बोट वाकवून बघितलं. "किसने किया ये?"

"भाभी ने."

"डॉक्टर है?"

"नहीं जी. घर में रहती है."

"कल से आ जा," ते म्हणाले.

मी धावत घरी आलो. तुम्ही तांदूळ निवडत होतात, सुमन टोपल्याजवळ पालथी पडली होती. मी सांगितलं. तुम्ही सूप बाजूला ठेवलंत, पदर तोंडावर घेतलात आणि रडलात. त्या सगळ्या वर्षात मी तुम्हाला रडताना पाहिलं नव्हतं. मग डोळे पुसून तुम्ही विचारलंत, "भाऊजी, त्या बादलीचं पाप फिटलं का आता?"

वहिनी, दादा घरात नव्हता. शेजारी कोणी नव्हतं. माझी नोकरी पक्की झाली होती, मला कशाचीही भीती उरली नव्हती. त्या क्षणी सांगितलं असतं तर तुम्ही मला मारलं असतं आणि मग जेवायला वाढलं असतं.

मी म्हणालो, "फिटलं, वहिनी."

माझ्या पापाची माफी मी तुम्हाला दिली. बादली धरली त्यापेक्षा, बाईंच्या कागदावर खोटं लिहू दिलं त्यापेक्षा, हे वाईट होतं. बाकीचं मी भीतीनं केलं. हे नुसत्या सवयीनं केलं.

आणि तुम्हाला ते फिटल्यासारखं वाटलंही नाही. कारखान्याच्या सेक्टरमध्ये क्वार्टर मिळालं, नळ घरात आला, तरी पाणी दोन वेळ येतं म्हणून बादल्या भरून ठेवाव्या लागायच्या. आठ वर्षांत तुम्ही त्या बादलीला कोणाचा हात लागू दिला नाही. पाहुणी आली तरी नाही, अंगात ताप असला तरी नाही. दादा म्हणायचा, हट्टी हाय. मी जेवत असायचो आणि ऐकायचो.

प्रधान बाई मग तुमच्याकडे माणसं पाठवायला लागल्या. कोणाचं बोट पत्र्यानं कापलेलं, कोणाचं विळीनं, कोणाच्या बोटाचं टोकच लोंबायला लागलेलं. बाईंनी पट्टी बांधून दिलेली असायची, व्यायाम शिकवलेला असायचा, पण घरी बसणारं कोणी नसायचं. ते आपल्या ओट्यावर येऊन बसायचे. आणि प्रत्येकाला तुम्ही पहिल्या दिवशी तीच गोष्ट सांगायचात. "माह्या एका बादलीनं माह्या दिराची दोरी तुटली. तुमी काही उचलू नका. तुमच्या घरच्यायले बी सांगा." स्वतःला चोर करून तुम्ही त्यांची बोटं वाचवलीत. किती जणांना सांगितलंत ते मला माहीत नाही. लांजेवारमामांना ती गोष्ट पाठ होती ती उगाच नाही.

कावीळ झाली आणि तीन आठवड्यांत सगळं आटोपलं. शेवटच्या आठवड्यात मी दुपारी दवाखान्यात तुमच्याजवळ बसायचो. डोळे पिवळे झाले होते, आवाज खोल गेला होता. एक दिवस तुम्ही म्हणालात, "हात दाखवा." मी मूठ वळली. तुम्ही बराच वेळ बघितलंत. "अर्ध्या बोटाचं राह्यलं, भाऊजी."

मी म्हणालो, "वहिनी, मले तुमाले एक सांगाचं हाय."

"उद्या सांगा," तुम्ही डोळे मिटत म्हणालात. "आता थकवा येऊन राहिला."

दुसऱ्या दिवशी तुम्ही बोलायच्या पलीकडे गेला होतात. मी त्या 'उद्या'वर दोष टाकणार नाही. माझ्याजवळ आठ वर्षांचे उद्या होते.

काल दादा ड्युटीवरून आला, हातपाय धुऊन बसला. मी चहा दिला आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. साइट, दोर, टाळ्या, बादली. तो बशीतला चहा न पिता ऐकत राहिला. मला वाटलं तो उठून मला थोबाडीत मारेल. मी तयार होतो.

"मले कावून सांगून राहिला?" तो म्हणाला. "जिले सांगाचं होतं, ते तं गेली."

"हो."

"मी तिले चार लोकांत बोललो. तुह्या एका शब्दावर." त्यानं बशी खाली ठेवली. "बोललो थे मागं घ्याव असं लय खेप वाटलं मले. बायकोले काय सांगाचं, म्हनून राहू देल्लं. तू एकटाच नाही हाय."

मग तो म्हणाला, "पोरीले आपन दोघं मिळून सांगू. तू तुहं सांग, मी माहं सांगतो. लांजेवारकडं बी जाऊ."

लांजेवारमामांकडे काल संध्याकाळीच गेलो. सुमनला आज सकाळी सांगितलं. आठ वर्षांची पोर, तिला किती कळलं कोण जाणे. तिनं एवढंच विचारलं, "मंग आई सोडा म्हनाली होती ना?" दादा म्हणाला, "हो, म्हनाली होती." त्यावर ती पाटी घेऊन बसली ती अजून माझ्याशी बोललेली नाही. मी वाट पाहीन. उद्या प्रधान बाईंकडे जाऊन कागदावर काय लिहिलं आहे ते दुरुस्त करायला सांगणार आहे. त्या रागावतील, रागावू देत.

इथपर्यंत लिहिलं आणि ओट्यावर कोणीतरी आलं म्हणून उठलो. बिसाहिन होती, बांधकामावर गिट्टी वाहणारी, जामुलकडची. धान कापताना विळा लागून तिच्या तर्जनीची दोरी तुटली होती. नवी दोरी घालून आता पाचवा आठवडा; त्याआधी सांधे मोकळे ठेवायला ती रोज तुमच्याकडे यायची. तुम्ही अंथरुणावर पडलात, मग प्लास्टर निघाल्यावर ती घरी एकटीनं करत राहिली. तुम्ही गेल्याचं तिला आजच कळलं. ती ओट्यावर बसली, थोडी रडली, मग पट्टीतला हात मांडीवर ठेवून म्हणाली, "दीदी नइये, त मोर अंगरी ला अब कोन देखही?"

तिचं बोट आता कोण बघणार, असं ती विचारत होती; मी तिच्या समोर बसलो. म्हटलं, आधी एक ऐक. दीदीनं तुला बादलीची गोष्ट सांगितली होती ना? ती खरी नव्हती. माझी दोरी मीच तोडली होती, फुशारकीत, आणि आळ दीदीवर घातला होता. दीदीला ते ठाऊक नव्हतं.

बिसाहिननं डोळे पुसले आणि माझ्याकडे रोखून बघितलं. "तैं लबारी मारे रहे?"

"हो. खोटं बोललो."

"दीदी ला काबर नइ बताए?"

का नाही सांगितलं? भीती वाटली, एवढंच म्हणालो. रस्त्यावरून पाळी सुटलेल्या सायकली जात होत्या, त्या सगळ्या तिनं जाऊ दिल्या. मग तिनं दातांनी पट्टीची गाठ सोडली, अस्तर बाजूला केलं आणि हात माझ्यापुढे केला.

"धर," ती म्हणाली.

मी तिच्या तर्जनीचं मधलं पेर धरलं, तुम्ही धरायचात तसं घट्ट, आणि तिला म्हणालो, "वाकव. एक."